शंख, चक्र, वगैरे

पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही.

उजवा खांदा आखडला होता. वरच्या कपाटातला डबा काढायला हात जाईना, केस बांधताना डोळ्यांत पाणी यायचं. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, की खरं काम व्यायामच करणार आहे. म्हणून घराजवळच्या एका हॉलमध्ये चालणाऱ्या अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात नाव घातलं. भिंतीला टांगलेल्या दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, घड्या घातलेली ब्लँकेटं. हे सगळं पाहून मला बरंच वाटलं. फिजिओथेरपीच्या खोलीसारखं वाटत होतं. मग बाई समोर येऊन बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तीन वेळा ॐ."

वीस-बावीस माणसांचा ॐ सुरू झाला. कुणाचा खर्जातला, कुणाचा नाकातला, एका काकूंचा थेट कीर्तनातला. मी डोळे मिटले, ओठही मिटले आणि दूधवाल्याचे किती दिवसांचे पैसे राहिलेत त्याचा हिशेब करत बसले.

माझे वडील देव न मानणारे. देवळात सगळ्यांबरोबर यायचे, पण चपला सांभाळायला बाहेर थांबायचे. वाद घालत नसत, कुणाची टर उडवत नसत. फक्त आत येत नसत. मला वाटतं, मीही त्या हॉलमध्ये तेच करत होते. चपला सांभाळत बाहेर उभी होते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात तत्त्व थोडं होतं आणि लाज बरीच. चारचौघांत आवाज लावायचा, तोही विनाकारण, हे काही माझ्याच्याने होईना.

खरं तर आमच्या घरात आवाजाला तोटा नव्हता. आजीसाठी दीड दिवसाचा गणपती बसायचा आणि आरतीला वडील झांजा वाजवायचे. "ताल हा देवाचा नाही, गणिताचा विषय आहे," असं त्यांचं स्पष्टीकरण. आम्ही मुलं तारस्वरात आरती म्हणायचो आणि 'लंबोदर पीतांबर फळीवर वंदना' हे पूर्ण श्रद्धेने म्हणायचो. आमच्या मखराखाली खरोखरच एक फळी होती. गणपती फळीवर, त्याला वंदना, यात चुकीचं काय? पुढे 'दास रामाचा वाट पाहे सजणा.' रामाचा दास सजणाची वाट का पाहतो, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. शब्द 'फणिवरबंधना' आहे, फणिवर म्हणजे नागांचा राजा आणि तो गणपतीच्या पोटाला कमरपट्ट्यासारखा बांधलेला आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर दहा-पंधरा वर्षं मी फळीला वंदन करून चुकले होते. गणपतीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

वर्गात ॐ झाला की श्लोक. बाई एक तुकडा म्हणणार, वर्ग मागून म्हणणार.

योगेन चित्तस्य पदेन वाचां
मलं शरीरस्य च वैद्यकेन ।
योऽपाकरोत्तं प्रवरं मुनीनां
पतञ्जलिं प्राञ्जलिरानतोऽस्मि ॥

म्हणायचा नसला तरी कानावर पडायचाच. आठवड्यातून तीनदा पडून पडून पाठ झाला आणि पाठ झाल्यावर मग अर्थ खुपायला लागला. योगाने चित्ताचा, व्याकरणाने वाणीचा आणि वैद्यकाने शरीराचा मळ ज्याने काढला, त्या मुनिश्रेष्ठ पतंजलीला मी हात जोडून नमस्कार करतो. बस्स, एवढंच. यात मागणं काहीच नाही. संकटी पावावे नाही, निर्वाणी रक्षावे नाही. एका माणसाने तीन प्रकारची साफसफाई केली, त्याबद्दल आभार. माझ्या वडिलांनाही यात आक्षेपार्ह काही सापडलं नसतं.

हां, इतिहासाच्या बाजूने त्यांनी नक्की खोड काढली असती. व्याकरणावर महाभाष्य लिहिणारा पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. योगसूत्रं रचणारा पतंजली त्याच्यानंतर काही शतकांनी झालेला वेगळाच माणूस असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे दोघा-तिघांच्या कामाचं श्रेय आपण एका नावावर जमा करून रोज सकाळी त्याला नमस्कार घालतो. आपल्याकडे हे काही नवीन नाही.

दुसरा श्लोक मात्र सरळसरळ मूर्तीचा आहे. आबाहु पुरुषाकारं शङ्खचक्रासिधारिणम्, सहस्रशिरसं श्वेतं प्रणमामि पतञ्जलिम्. हातांपर्यंत माणूस, हातांत शंख, चक्र आणि तलवार, वर हजार शुभ्र मस्तकं. पतंजली हा शेषाचा अवतार, अशी समजूत आहे. पुण्यात १९७५ पासून असलेल्या रमामणी अय्यंगार योग संस्थेत त्याची अशी मूर्ती आहे, खाली वेटोळं आणि डोक्यावर फणा. बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचे वर्ग आता जगभर चालतात आणि वर्ग सुरू करताना हेच श्लोक म्हणायची प्रथा आहे. मूर्तीचा फोटो बाईंनी दाखवला तेव्हा मला एकदम हसू आलं. फणिवर! लहानपणी ज्याला मी फळी करून टाकलं होतं, तो माझा पत्ता काढत इथवर आला होता.

तोंड उघडलं ते मात्र भक्तीने नाही, व्याकरणानेही नाही. दोरीने उघडलं.

भिंतीवरची दोरी धरून खांदा मागे न्यायचा होता. दुखायला लागलं की मी श्वास धरून ठेवायचे. दुखतं तेव्हा सगळेच धरतात. बाई दोन-तीनदा म्हणाल्या, "सोडा श्वास." मी सोडला असं मला वाटायचं. शेवटी त्या वैतागल्या. "असं करा, आवाज काढा. कसलाही काढा. आवाज काढताना माणसाला श्वास धरता येत नाही."

मी 'आ' केला. मग तो लांबवला. मग कुठेतरी संपवायचा म्हणून ओठ मिटले. ॐ झाला होता. आणि हात नेहमीपेक्षा दोन बोटं मागे गेला होता.

मंत्रोच्चाराचे फायदे या विषयावर मी पुढे बरंच वाचलं. पण बाईंच्या त्या एका वाक्याइतकं पक्कं मला दुसरं काही सापडलेलं नाही. आवाज म्हणजे बाहेर जाणारा श्वास, फक्त ऐकू येणारा. एरवी श्वास कसा चाललाय हे आपल्याला कळत नाही. तो आखूड झाला, अडकला, घाईत सुटला, पत्ता लागत नाही. त्याला आवाज जोडला की सगळं उघडं पडतं.

एकदा घरून फोनवर कडाक्याचं भांडण करून वर्गाला गेले. मुलाशी. कारण आता आठवत नाही, म्हणजे महत्त्वाचं नसणार. मांडी घातली, चेहरा शांत केला, डोळे मिटले. पहिला ॐ निम्म्यातच संपला. दुसऱ्याला आवाज थरथरला. तिसऱ्यानंतर बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "आज कुणाचं काय बिनसलंय?" नाव घेतलं नाही एवढीच त्यांची कृपा. चेहऱ्याने मी सगळ्यांना फसवलं होतं, आवाजाने नाही.

पुढे योगसूत्रं वाचताना मी एका ठिकाणी थबकले. पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, २७ वं सूत्र सांगतं, ईश्वराचा वाचक शब्द म्हणजे प्रणव, ॐ. २८ वं सांगतं, त्याचा जप करा आणि अर्थ मनात आणा: तज्जपस्तदर्थभावनम्. मग येते योगातल्या अडथळ्यांची यादी: आजारपण, सुस्ती, शंका, चालढकल, आळस वगैरे. सगळी ओळखीची मंडळी. आणि ३१ वं सूत्र म्हणतं, मन विखुरलं की त्याच्याबरोबर चार गोष्टी येतात. दुःख, उदासी, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास-उच्छ्वास. मला तो भांडणाचा दिवस आठवला. थरथर होती, श्वास बिघडलेला होता. जपाचा सल्ला आणि ही लक्षणं शेजारीशेजारी लिहिलेली आहेत, ते काही उगीच नाही.

आणखी एक शब्द. योगसूत्रांत क्रियायोगाचे, म्हणजे आचरणातल्या योगाचे, तीन भाग सांगितलेत: तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. स्वाध्याय म्हटलं की आपल्या पिढीला धड्याखालचा स्वाध्याय आठवतो. रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे लिहा. योगसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या व्यासांनी स्वाध्यायाचा अर्थ दिलाय तो असा: प्रणवासारख्या पवित्र मंत्रांचा जप, किंवा मोक्षशास्त्रांचं अध्ययन. म्हणजे पुस्तक वाचणं हा पर्याय आहे, पण नंबर दुसरा. पहिला तोंडाने म्हणण्याचा. स्वतःचा आवाज स्वतः ऐकणं हाही स्वतःचा अभ्यासच, असं मी त्यात माझ्या पदरचं घालते. त्याला शास्त्राधार नाही, त्या फोननंतरच्या ॐचा आधार आहे.

वर्गात एक आजोबा येतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, दरवर्षी वारी करणारे. आवाज असा, की एकेकाळी डबल बेलची गरज पडली नसेल. वर्गातल्या प्रत्येकाला 'माउली' म्हणतात, बाईंनाही. मी एकदा विचारलं, "आजोबा, तुम्हाला ॐ म्हणायला आवडतं का?"

"ॐला काय झालं? चांगलाच आहे," ते म्हणाले. "पण मी इथे गुडघ्यासाठी येतो माउली. बाकीचं माझं घरी होतं." आणि ब्लँकेटची घडी घालता घालता हरिपाठ सुरू: "योग याग विधी येणें नोहे सिद्धि, वायाचि उपाधि दंभ धर्म." योगाच्या वर्गात बसून योगाने काही सिद्ध होत नाही हे म्हणायला धाडस लागतं. बरं, ते ज्ञानेश्वरांचं, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही.

मी वाचनाचा माज दाखवला. "पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनीच कुंडलिनीचं एवढं वर्णन केलंय. स्वतः नाथपंथातले होते ते."

"असेल की. तो योग ज्यांना जमतो त्यांच्यासाठी. तुम्हाआम्हाला हरिपाठ." थोडं थांबून म्हणाले, "ज्ञानेश्वरीची सुरुवात वाचली का? अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल..."

वाचली होती. शाळेत पाठही केली होती. पण कानावर नव्याने पडली ती तेव्हा. अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल, मकार महामंडल मस्तकाकारें. ॐ ची तीन अक्षरं म्हणजे गणपतीचे पाय, पोट आणि मस्तक. आणि बाई आम्हाला काय शिकवत होत्या? अ पोटात सुरू करा, उ छातीत वर येऊ दे, म डोक्यात घुमू दे. ठिकाणं थोडी वेगळी, पण प्रवास तोच, खालून वर. टाळूवर तळहात ठेवून म म्हटला तर कवटीची बारीक थरथर हाताला लागते. ही तरी खरी, कुणीही करून पाहावी. तेराव्या शतकातल्या तरुणाने जी आकृती शब्दांत काढली, तिच्यावर हात ठेवून बघायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आता मोजमापाकडे येते, कारण वडिलांची लेक आहे. आणि मोजून बघणं हे काही योगाच्या विरुद्ध नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली ती याच हौसेने. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय होतं ते क्ष-किरण आणि उपकरणं लावून बघायचं, आणि 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात छापायचं.

आमची आजी घड्याळ न बघता स्वयंपाक करायची. चुलीवर भात ठेवला की रामरक्षा सुरू. "दोन रामरक्षा झाल्या की उतरव ग," असं ती आईला सांगायची. तिची पद्धत ठरलेली: एका श्वासात एक अख्खा श्लोक, मग श्वास, मग पुढचा. मी परवा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तिच्या चालीत म्हणून पाहिलं. अनुष्टुभ छंदाचा श्लोक, ३२ अक्षरं. म्हणायला आठ सेकंदं, श्वास घ्यायला दोन. दहा सेकंदांना एक श्लोक, ३८ श्लोकांना सव्वासहा मिनिटं, दोन रामरक्षांना साडेबारा. भाताचा हिशेब बरोबर बसतो.

पण गंमत पुढेच आहे. दहा सेकंदांना एक श्वास म्हणजे मिनिटाला सहा. मोठा माणूस स्वस्थ बसला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. आणि २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक लेख आला होता. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळ म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्रही. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. त्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकमेकांशी नीट जुळून चालले, रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. श्वास सोडताना हृदय थोडं संथ होतं, घेताना थोडं जलद. म्हणताना सोडणं लांबतं, म्हणून संथपणा वाढतो. एवढी साधी कळ आहे. माझी वसईची मैत्रीण ख्रिस्ती, तिच्या घरी संध्याकाळी जपमाळ होते. तिला मी हा लेख सांगितला तर म्हणाली, "म्हणजे तुझी आजी आणि माझी आजी एकाच वेगाने श्वास घेत होत्या." देव वेगळे, भाषा वेगळ्या, भातसुद्धा वेगळा. श्वास मात्र मिनिटाला सहा.

गुणगुणण्याचंही असंच. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला तर नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे १५ पट वाढतो. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतली हवा त्या कंपनाने ढवळून निघते म्हणून. भ्रामरीने, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायच्या प्राणायामाने, नाक मोकळं वाटतं ते का, याचा हा एक धागा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत ॐ म्हणताना मेंदूत काय होतं तेही पाहिलंय, आणि भीती-चिंतेशी संबंधित भाग शांत झालेले दिसले. पण तो मोजक्या माणसांवरचा प्राथमिक अभ्यास आहे. त्यावरून कुणी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली तर त्याला मी दोन शब्द सुनावीन.

आणि फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज: नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला, तो ॐ निघाला. पोकळीतून आवाज येत नाही हे आपण शाळेत शिकलो. सूर्याच्या पृष्ठभागाची थरथर उपकरणांनी मोजतात, तिचे आकडे हजारो पटींनी वेगवान करतात, तेव्हा कुठे ऐकू येण्याजोगी घरघर तयार होते. तिच्यात ज्याला ॐ ऐकायचाय त्याला ऐकू येईल, पंख्यातही येईल. ॐ ला सूर्याचं प्रशस्तिपत्रक कशाला हवंय? मोबाइलवर १०८ ॐ लावून भाजी चिरण्याबद्दलही माझं हेच मत. ऐकायला छान, पण तो श्वास दुसऱ्याचा आहे.

सगळा हिशेब श्वासाचाच असेल, तर मग शब्दांचं काय? 'आ-ऊ-म्' ऐवजी 'टो-मॅ-टो' लांबवून म्हटलं तर चालेल? हा प्रश्न मी बाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "म्हणून बघा महिनाभर." मी दोन दिवस म्हणून बघितलं. श्वास लांबला, पण तिसऱ्या दिवशी उठून म्हणावंसं वाटलं नाही.

हा वाद जुना आहे. वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्त या जुन्या ग्रंथात कौत्स नावाच्या माणसाचं मत दिलंय, की मंत्रांना अर्थच नसतो. यास्क उलट म्हणतो, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नाही. दोघांचंही मला पटतं, वेगवेगळ्या दिवशी. सोमवारी सकाळी मी कौत्साच्या बाजूने असते.

मात्र 'हे फक्त कंपन आहे, याचा धर्माशी काही संबंध नाही,' असं जे गुळगुळीतपणे सांगितलं जातं, त्याने माझं समाधान होत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९९३ पासून सरकारी शाळांत योगावर बंदी होती. २०२१ मध्ये ती उठवली, पण कायद्यात लिहिलं की फक्त आसनं चालतील, त्यांची नावं इंग्रजीत असतील. मंत्र, जप आणि नमस्ते म्हणणं बंद. बातमी वाचून पहिल्यांदा हसले. मग वाटलं, शब्दांना त्यांनी निदान वजन तरी दिलं. शब्दाने माणूस कुठेतरी जातो, अशी भीती त्यांना वाटली. 'फक्त कंपन' म्हणणाऱ्याला तेवढीही वाटत नाही. तोंड मिटून बसायची मुभा प्रत्येकाला हवी, मी स्वतः तीन महिने ती वापरली आहे. पण म्हणायचं तर ते काय आहे ते ओळखून म्हणावं.

मी काय ओळखून म्हणते? हजार डोक्यांचा शुभ्र नाग खरोखर आहे असं मला वाटत नाही. नवी बॅच सुरू झाली की त्या दिवशी बाई 'सह नाववतु' म्हणवून घेतात. शाळेत आपण सगळ्यांनी ते रांगेत उभं राहून म्हटलंय. त्यात 'नौ' हे द्विवचन आहे. मराठीत द्विवचन उरलं नाही, म्हणून आपण 'आम्हा सर्वांचं' समजून चालतो. ते 'आम्हा दोघांचं' आहे. शिकवणारा आणि शिकणारा. शेवटची विनंती, मा विद्विषावहै: आपण दोघांनी एकमेकांचा द्वेष करू नये. शिकता-शिकवताना द्वेष उगवू शकतो हे त्या लोकांना ठाऊक होतं. खांदा ओढला जात असताना बाईंबद्दल माझ्या मनात काय काय येतं ते पाहता, ही प्रार्थना अगदी गरजेपुरती वाटते. मला देवापर्यंत पोचता आलेलं नाही. द्विवचनापर्यंत पोचले आहे.

मनू म्हणतो, विधिपूर्वक केलेल्या यज्ञाहून जप दहा पटींनी श्रेष्ठ, ओठातल्या ओठात केला तर शंभर पटींनी, मनातल्या मनात केला तर हजार पटींनी. आजोबांना मी हे ऐकवलं. त्यांना मान्य नव्हतं. "मनातलं कुणी ऐकलंय? गाडीत पाठीमागच्या सीटपर्यंत पोचलं पाहिजे." मलाही अजून मोठ्यानेच जमतं. मनातल्या मनात म्हणायला बसले की दूधवाला परत येतो.

पण तिसरा ॐ संपल्यावर, श्लोक सुरू होण्याआधी, एक छोटी फट असते. सगळ्यांचा आवाज एकदम थांबत नाही. काकूंचा नेहमी शेवटी थांबतो. मग पंख्याची घरघर, खालच्या रिक्षाचा हॉर्न, कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी. मांडूक्य उपनिषद अ, उ, म मोजून झाल्यावर चौथा म्हणून जे सांगतं, ज्याला मात्राच नाही, ते हेच का, मला सांगता यायचं नाही. त्या फटीत मात्र मी भांडण आठवत नाही, एवढं नक्की.

गेल्या पावसाळ्यात बाईंचा घसा बसला. वर्गाला आल्या, गळ्याला मफलर. हाताने घशाकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट माझ्याकडे वळवलं. आज तुम्ही सांगा. ज्या बाईने तीन महिने तोंड उघडलं नव्हतं तिला पुढे बसवण्यात त्यांना काय मजा वाटली कोण जाणे.

ॐ झाला. पहिला श्लोक गेला, योऽपाकरोत्तंपाशी धडधडलं, पण गेला. मग दुसरा. आबाहु पुरुषाकारं, आणि मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "शङ्खचक्रादिधारिणम्."

वर्गाने निष्ठेने उचललं. बावीस तोंडांतून एकसुरात, शङ्खचक्रादिधारिणम्. म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. 'असि' म्हणजे तलवार. मी 'आदि' म्हटलं होतं. आदि म्हणजे वगैरे. शंख, चक्र वगैरे धारण करणारा. फळीवर वंदना करणारी ती मुलगी काही कुठे गेली नव्हती.

डोळे उघडले तर बाई मफलरमध्ये तोंड खुपसून हसत होत्या. आवाज नव्हता म्हणून मी वाचले. वर्ग संपल्यावर आजोबा ब्लँकेट ठेवता ठेवता म्हणाले, "माउली, देवाच्या हातातली तलवार काढून घेतलीत आज. बरं केलंत. त्याचाही खांदा दुखत असेल."

पुढच्या आठवड्यात बाईंचा आवाज परत आला. त्यांनी श्लोक सांगितला तो 'असि' अगदी ठासून, माझ्याकडे बघत. मागून वर्ग आला. मधल्या रांगेतून दोन-तीन आवाज अजूनही 'आदि'च म्हणत होते. त्यांतला एक पाठीमागच्या सीटपर्यंत पोचणारा होता.